रॉड-प्लेटभोवतीचा पू

मोडलेले हाड रॉड किंवा प्लेट घालून जोडल्यावर त्या जागी होणारा जंतुसंसर्ग नुसत्या गोळ्यांनी सहसा बरा होत नाही. कातडी न फाटता हाड मोडले असेल, तर असा संसर्ग साधारण शंभरात एक-दोघांनाच होतो. हाड कातडी फाडून बाहेर आले आणि जखमेत माती गेली, की धोका कित्येक पटींनी वाढतो. सर्वांत जास्त सापडते ती नडगी. तिच्या पुढच्या बाजूला मांस नाही, कातडीखाली थेट हाड लागते, रक्तपुरवठाही बेताचाच. त्यात मधुमेह किंवा धूम्रपानाची भर पडली, तर जखम भरायलाच वेळ लागतो.

सर्वांत जास्त वेळा यामागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. एरवी तो अनेकांच्या नाकात आणि कातडीवर निमूट राहतो. धातूवर बस्तान बसले, की हे जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. हीच बायोफिल्म, ओढ्यातल्या दगडावर शेवाळ धरावे तशी ती प्लेटवर धरते. आतल्या जंतूंची वाढ अगदी मंदावलेली असते आणि बरीचशी प्रतिजैविके वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत पू थांबतो आणि बंद केल्या की पुन्हा वाहू लागतो. कित्येक रुग्णांची वर्षे याच फेऱ्यात जातात.

सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग झाला तर ताप, लाली, टाक्यांतून पाणी येणे अशी चिन्हे दिसतात. उशिराचा संसर्ग मात्र दबून असतो: हाड जुळत नाही, दुखत राहते, किंवा एक बारीक छिद्र कधी मिटते, कधी वाहते. रक्तातील सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा घटक) ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि मग उतरतो. उतरलेला सीआरपी पुन्हा चढला, तर शंका घ्यावी. पू, हाडापर्यंत किंवा प्लेटपर्यंत गेलेले छिद्र, अथवा खोलवरच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू, यांपैकी काहीही आढळले तरी निदान पक्के, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या व्याख्येत म्हटले आहे. त्यासाठी ऑपरेशनमध्ये खोलवरचे किमान पाच नमुने घेतात. जखमेवर वरवर फिरवलेल्या कापसाचा भरवसा नाही. त्यात कातडीवरचेच जंतू वाढतात. रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर नमुने घेण्यापूर्वी दोन आठवडे प्रतिजैविके बंद ठेवतात. नेमकी येथेच घाई होते. पू दिसताच आधी अँटिबायोटिक आणि मग तपासणी, असा क्रम लावला, की प्रयोगशाळेत जंतू उगवतच नाही.

उपचाराचा कणा शस्त्रक्रियाच आहे. मेलेले हाड आणि सडलेले मांस काढून टाकावे लागते. हाड खरवडताना रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले, की जिवंत हाड लागले असे सर्जन समजतात. पुढचा प्रश्न प्लेट ठेवायची की काढायची. हाड जुळले असेल तर ती काढतात. संसर्ग नवा आणि प्लेट घट्ट असेल, तर हाड जुळेपर्यंत ठेवता येते. ढिली असेल तर ती काढून बाहेरून चौकट बसवतात. संसर्ग असतानाही हाड जुळू शकते. पण ते हलत राहिले, तर ना हाड जुळते ना संसर्ग हटतो.

रॉडचा संसर्ग असेल तर एक जुगाड वाटावा असा, पण उत्तम उपाय आहे. बोन सिमेंटच्या पावडरीत व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक मिसळून, ते मऊ असतानाच छातीत घालायच्या प्लॅस्टिकच्या नळीत भरतात आणि मधोमध बारीक सळई सारतात. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून उष्णता सोसणारेच औषध लागते. मग नळी ब्लेडने चिरून काढली, की औषध झिरपणारा रॉड तयार होतो.

हाडाचा मोठा तुकडा गेला असेल, तर सोव्हिएत सर्जन इलिझारोव्ह यांची रिंगांची पद्धत कामी येते. हाड दुसरीकडे कापून, एक भाग रोज एक मिलिमीटर, तोही चार टप्प्यांत, सरकवतात. मागे राहिलेल्या फटीत नवे हाड तयार होते. उघड्या हाडावर पोटरीचा स्नायू वळवून घालायला प्लास्टिक सर्जन लागतो, आणि तो पहिल्यापासून सोबत असलेला बरा.

प्लेट काढली तर साधारण सहा आठवडे, ठेवली तर बारा आठवडे औषधे चालतात. स्टॅफिलोकॉकस असेल आणि प्लेट ठेवली असेल, तर क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन उपयोगी पडते, कारण ते बायोफिल्ममध्येही काम करते. ते एकटे कधीच देत नाहीत. जंतू झटकन त्याला दाद देईनासे होतात. सगळे आठवडे शिरेतूनच इंजेक्शने घ्यावीत असेही नाही. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या 1,054 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नीट निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी ठरल्या नाहीत.

ऑपरेशननंतर आठवडाभराने जखम ओली असेल, तर दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. ऑपरेशनचे कागद, एक्स-रे आणि आतापर्यंत घेतलेल्या औषधांची यादी घेऊन ज्यांनी रॉड बसवला त्या सर्जनकडे त्याच दिवशी जावे.