अनुदान म्हणजे भीक नव्हे



गेल्या वर्षी दर मंगळवारी हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'गैरहजर' लागायचे. मंगळवार हा आमच्या तालुक्याच्या बाजाराचा दिवस. विहिरीच्या सुरुंगात आमच्या आण्णांचे दोन्ही डोळे गेले आहेत. ते घरी बसून दोर वळतात. आई मजुरीला जायची, म्हणून त्यांचा हात धरून बाजारात न्यायला मीच.

गुरुजी मला रागावले नाहीत. ते घरी आले आणि म्हणाले, "आण्णा, अनुदानाचा अर्ज केलात का?"

"नको गुरुजी. भीक नको आपल्याला."

"अहो, भीक कसली? हा तुमचा हक्क आहे!"

त्या दिवशी जे समजले ते तुम्हालाही सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या गरीब माणसाला तिच्यातून दरमहा पैसे मिळतात. २०२३ साली ही रक्कम १,५०० रुपये झाली. २०२५ साली दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये केली. आता गणित करा बरे! २,५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ३०,००० रुपये. पैसे थेट बँकेच्या खात्यात येतात.

अर्ज तहसील कचेरीत करायचा. त्यासाठी सरकारी दवाखान्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक लागते.

मुलांसाठीही सोयी आहेत. ज्यांचे आई आणि वडील दोघेही दिव्यांग आहेत, अशा मुलांना बालसंगोपन योजनेचा आधार आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेतील दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये, असे १० महिने भत्ता असतो. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के पैसे दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे आमच्या आळीत कुणालाच ठाऊक नव्हते!

तुम्ही म्हणाल, पैसे आण्णांना, मग मुलांना काय? पण अपंग माणसाबरोबर घरातले दुसरे कोणी जावे लागते. मोठे माणूस गेले तर मजुरी बुडते. म्हणून मुलाला धाडतात आणि त्याची शाळा बुडते.

शेवटी आण्णा तयार झाले. अर्जावर मी त्यांचे बोट सहीच्या रेघेवर ठेवले. "अंगठा नको, मला सही येते," म्हणाले आणि त्यांनी स्वतः सही केली. सही जराशी वाकडी झाली, पण झाली.

आता मंगळवारी आई आण्णांबरोबर बाजारात जाते. तिची एका दिवसाची मजुरी बुडते, ती अनुदानातून भरून निघते. आणि मी कुठे असतो? वर्गात, तिसऱ्या रांगेत!

मित्रांनो, तुमच्या शेजारी असे कोणी असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. ज्यांना दिसत नाही त्यांना तर नक्कीच.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी