एक मुंबई, दोन बिशप: माहीमच्या चर्चला वेढा का पडला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

साल १८५३. मुंबईतलं माहीम. सेंट मायकल चर्चमध्ये एक स्विस बिशप दारं लावून बसलाय. नाव अनास्तासियस हार्टमन. बाहेर लोकांचा वेढा, आत खायचे वांधे, आणि हे एक-दोन नाही, तब्बल पंधरा दिवस चाललं. आता गंमत अशी की बाहेरचे लोकही कॅथलिकच. तोच येशू, तीच मिस्सा, तोच रोमचा पोप. मग भांडण काहून?

त्यासाठी आधी दोन मिनिटं युरोपात जाऊ. १३७८ मध्ये रोममध्ये उर्बान सहावा पोप म्हणून निवडला गेला. काही महिन्यांतच त्याला निवडणाऱ्या बहुतेक कार्डिनलांनी ‘आमच्यावर दबाव होता’ असं सांगून क्लेमेंट सातवा हा दुसरा पोप निवडला, आणि तो फ्रान्सकडच्या आव्हिन्यों शहरात जाऊन बसला. फ्रान्स, स्कॉटलंड त्याच्या बाजूला. इंग्लंड रोमच्या बाजूला. नंतर संत ठरलेली माणसंसुद्धा विभागली गेली: सिएनाची कॅथरीन रोमकडून, व्हिन्सेंट फेरर आव्हिन्योंकडून. १४०९ मध्ये पिसाला सभा भरवून दोघांनाही काढलं आणि तिसरा निवडला. पहिले दोघे हटलेच नाहीत, म्हणजे झाले तीन! शेवटी कॉन्स्टन्सच्या परिषदेत १४१७ मध्ये मार्टिन पाचवा आला आणि प्रकरण मिटलं.

तिथे प्रश्न होता खरा पोप कोणता. मुंबईत पोप एकच होता, पण त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावर दोन दावेदार होते. आणि खरं सांगू का, कागद दोघांकडेही पक्के होते.

पहिला कागद पोर्तुगालच्या राजाचा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या पोपांनी त्याला हक्क दिला होता की नव्या मुलखात चर्च तू बांध, पाद्र्यांचा खर्च तू कर, बदल्यात बिशप कोण व्हावा हे तू सुचव. याला म्हणतात पाद्रोआदो. त्याचं इकडचं मुख्य ठाणं म्हणजे गोव्याचा आर्चबिशप.

दुसरा कागद रोमचा. पोर्तुगालला हा पसारा झेपेना, तेव्हा १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, प्रोपागांडा फिदे. (हो, आपण रोज वापरतो तो ‘प्रोपागांडा’ शब्द याच नावातून आलाय.) हे खातं राजाला न विचारता थेट आपले बिशप पाठवायचं. असाच एक मातेउश द कास्त्रो, गोव्यातल्या दिवाड बेटावरचा ब्राह्मण घरातला माणूस. १६३७ मध्ये रोमने त्याला बिशप करून आदिलशाहीच्या मुलखासाठी नेमलं. गोव्याच्या पोर्तुगीज मंडळींना ते अजिबात पचलं नाही. आपल्या पाखरीतला माणूस आपल्याला न विचारता बिशप होतो म्हणजे काय!

मुंबई १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रजांच्या वाट्याला गेली. इंग्रज प्रोटेस्टंट, प्रजेतले पुष्कळ लोक कॅथलिक, आणि त्यांचे पाद्री पोर्तुगालशी बांधलेले. इंग्रजांना ही निष्ठा संशयास्पद वाटली. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बाहेर काढलं आणि रोमच्या बाजूच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे चर्च दिली. १७८९ मध्ये कंपनीने ती पुन्हा गोव्याकडे दिली. १७९१ मध्ये परत कार्मेलाइटांकडे. आणि १७९४ मध्ये सरळ वाटणीच केली. माझगाव आणि दादरचं साल्वासांव गोव्याकडे, एस्पेरान्सा आणि माहीम रोमकडे. आमच्या कामात दोघांनी एकाच फाईलमध्ये उलटसुलट बदल केले की मशीन अडून बसतं, कोणता ठेवायचा ते तुम्हीच सांगा म्हणतं. कंपनीने ठरवलंच नाही, दोन्ही ठेवून दिले.

पोपच्या घरातल्या भांडणाचा निवाडा पोपला न मानणारं सरकार करत होतं, हे विसरू नका.

सामान्य माणसाला यात काय? खूप काही. कॅथलिक नियमाप्रमाणे पापांची कबुली ऐकून क्षमा द्यायला पाद्र्याकडे अधिकार लागतो. अधिकारच नसेल तर क्षमा पोकळ. म्हणजे कबुलीसाठी कोणत्या फादरकडे जायचं, हा प्रश्न प्रत्येक घराचा होता.

१८३४ मध्ये पोर्तुगालने आपल्याच देशातले धर्मसंघ बंद केले, रोमशी बिनसलं. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावा याने भारतातले पाद्रोआदोचे बरेच अधिकार काढून घेतले. गोव्याच्या बाजूने उत्तर आलं, राजाच्या संमतीशिवाय हे चालणार नाही. मग माहीमच्या पॅरिशमधले बरेच लोक गोव्याकडे झुकले, आणि हार्टमन चर्च सोडायला तयार नव्हता. पंधराव्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यांनी दार उघडायला लावलं आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. हार्टमनने आपल्या लोकांसाठी माहीममध्येच दुसरं चर्च उभं केलं, आजचं व्हिक्टरी चर्च. माहीमला गेलात तर दोन्ही बघा, चालत जाण्याइतकी जवळ आहेत. त्याने १८५० मध्ये सुरू केलेलं साप्ताहिकही ‘एक्झामिनर’ नावाने टिकून राहिलं.

१८८६ च्या करारात मुंबईला आर्चबिशप मिळाला, पण पाद्रोआदोच्या लोकांवर दमणच्या बिशपचा हक्क राहिलाच. तुम्ही राहता कुठे यावर नाही, तर तुम्ही कोणत्या बाजूचे यावर तुमचा बिशप ठरायचा. एकच गल्ली, शेजारी घरं, बिशप वेगळे! हे १९२८ पर्यंत चाललं. तेव्हा तोडगा निघाला की आर्चबिशप आळीपाळीने, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. आधी आले जोआकिम लिमा, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स.

या पाळीत भारतीय कुठेच नव्हता. रॉबर्ट्सना ते खटकलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे सहायक बिशप झाले, तेव्हा कारभार त्यांच्यावर सोपवून रॉबर्ट्स स्वतः भारताबाहेर राहिले. पुढची पाळी खरं तर पोर्तुगीजाची होती. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्सनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी ते भारताचे पहिले कार्डिनल झाले, म्हणजे पोप निवडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.