विश्लेषण : कालव्याची दुरुस्ती रखडली की बोटीचा मार्ग आणि उसाची लागण दोन्ही का कोलमडतात?

वारणानगर : ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त राहणारी आपल्याकडची मुले हल्ली सुट्टीत एक वेगळी सहल करतात. आठवड्यासाठी लांबट, अरुंद बोट भाड्याने घ्यायची आणि जुन्या कालव्यांतून स्वतः चालवत फिरायचे. मात्र २०२५ मध्ये उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये अशा अनेक सहलींचे नियोजन कोलमडले. एका कालव्याचा बांध फुटला आणि दुरुस्ती लांबतच गेली. वारणा काठच्या शेतकऱ्याला ही बातमी परकी वाटेल. पण गळका बंधारा वेळेत दुरुस्त झाला नाही तर त्याच्या पाण्याच्या फेराचेही हेच होते. कालव्याची दुरुस्ती एवढी का रखडते आणि तिचा फटका नेमका कोणाला, कसा बसतो, हे समजून घेऊ.

ब्रिटनमध्ये नेमके काय घडले?

१ जानेवारी २०२५ रोजी अतिवृष्टीनंतर चेशायर परगण्यातील लिटल बॉलिंग्टनजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा मातीचा बांध फुटला. हा कालवा १७६१ मध्ये कोळशाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. आता त्यावर प्रामुख्याने हौशी बोटी चालतात. बांध फुटताच कालव्यातील पाणी शेतात शिरले. पाणी आणखी वाहून जाऊ नये म्हणून कालव्यात ठरावीक ठिकाणी असलेल्या खाचांत फळ्या टाकून तो तुकडा दोन्ही बाजूंनी वेगळा करण्यात आला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आपण बरगे घालतो, त्याच तत्त्वाची ही सोय आहे.

फुटलेला भाग कालव्याच्या लांबीच्या मानाने छोटा. पण २०२५ चा बोटींचा अख्खा हंगाम त्या तुकड्याविना गेला. कालवा खासगी कंपनीच्या मालकीचा असल्याने दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा, याचीही चर्चा सुरू राहिली.

एक तुकडा बंद झाल्याने एवढे काय बिघडते?

रस्ता बंद झाला तर शेजारच्या गावावरून वळसा घालता येतो. कालव्यांचे जाळे विरळ असते. ब्रिजवॉटर हा ‘चेशायर रिंग’ या ९७ मैलांच्या (सुमारे १५६ किलोमीटर) गोलाकार जलमार्गाचा भाग आहे. या वर्तुळात ९२ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून ती वरच्या किंवा खालच्या पातळीवर न्यायची आणि पुढे जायचे.

आता हिशोब करू. या कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल असते. प्रत्यक्षात बोट सरासरी ३ मैलांनी जाते असे धरू. म्हणजे ९७ मैलांना साधारण ३२ तास. एका लॉकला १५ मिनिटे धरली तर ९२ लॉकना २३ तास. एकूण ५५ तास. रोज आठ तास बोट चालवली तर सात दिवसांत वर्तुळ पूर्ण होते आणि भाड्याची बोट वेळेत परत करता येते. म्हणूनच हा मार्ग आठवड्याच्या सहलीसाठी लोकप्रिय आहे.

या वर्तुळातील ब्रिजवॉटरचा भाग साधारण २५ मैलांचा आणि पूर्ण सपाट आहे. त्यात एकही मोठा चढउतार नाही. प्रेस्टन ब्रुकहून मँचेस्टरला त्यावरून आठ तासांत, म्हणजे एका दिवसात पोहोचता येते. तो बंद झाल्यावर त्याच दोन ठिकाणांदरम्यान उरलेल्या बाजूने साधारण ७० मैल आणि जवळपास सगळे ९२ लॉक पार करावे लागतात. हा हिशोब ४६ तासांवर, म्हणजे सुमारे सहा दिवसांवर जातो. एका दिवसाच्या अंतराला सहा दिवस लागले, तर परत यायला आठवडा उरतच नाही.

पर्यायी मार्गाचा आधार का मिळाला नाही?

कारण पर्यायालाही पाणी लागते. २०२५ चा वसंत आणि उन्हाळा इंग्लंडमध्ये कोरडा गेला. कालव्यांना पाणी पुरवणारे तलाव खाली गेले आणि याच वर्तुळातील मॅकल्सफील्ड व पीक फॉरेस्ट कालव्यांवर लॉक बंद ठेवावे लागले. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचाही मोठा भाग बंद राहिला. लॉक वापरताना प्रत्येक वेळी खोलीभर पाणी खालच्या बाजूला जाते. त्यामुळे टंचाईत बोटी थांबवणे हाच पाणी वाचवण्याचा मार्ग असतो. एका बाजूला फुटलेला बांध, दुसऱ्या बाजूला टंचाई. सहलीचे नियोजन करणाऱ्याला मग फक्त ‘जेवढे पुढे जाता येईल तेवढे जा आणि त्याच वाटेने परत ये’ एवढाच पर्याय उरतो.

वारणा खोऱ्याशी याचा संबंध काय?

आपल्या कालव्यांत बोटी चालत नाहीत. ते सिंचनासाठी उताराने बांधलेले असतात, वाटेत पाणी खाली सोडणारे टप्पे आणि कमी उंचीचे पूल असतात आणि पाणी वर्षभर नसून पाळीपुरतेच असते. आपल्याकडे मार्ग ठरतो तो पाण्याचा आणि वेळापत्रक बिघडते ते शेतकऱ्याचे.

सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणा धरण आहे. त्याची साठवण क्षमता ३४.४० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. प्रकल्पाचे कालवे दशकानुदशके रेंगाळले. त्यामुळे सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत हरिपूरजवळ कृष्णेला मिळणारी वारणा नदी हाच या खोऱ्याचा खरा कालवा झाला आहे. धरणातून पाणी नदीत सोडायचे, बंधाऱ्यांवर अडवायचे आणि तिथून मोटारपंपाने किंवा सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनने शेतापर्यंत न्यायचे, अशी ही साखळी आहे.

या साखळीतील सर्वांत नाजूक कडी म्हणजे बरगे. बंधाऱ्याच्या खांबांना खाचा असतात. पावसाळा संपत आला की त्यात एकावर एक बरगे बसवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. बरगे वाकले, गंजले किंवा खाचा झिजल्या की फटींतून पाणी निसटते. दहा क्युसेकची गळती वरवर किरकोळ वाटते. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, दिवसाला सुमारे २४.५ लाख लिटर. दहा क्युसेक पंधरा दिवस गळले तर जवळपास ३७ कोटी लिटर पाणी जागेवरून निघून जाते. ते खालच्या गावाला मिळेल, हे खरे. पण वरच्या गावाच्या डोहाची पातळी उतरते आणि पंपाचा फूट व्हॉल्व उघडा पडतो. नदीत पाणी दिसते, पण मोटार ते ओढू शकत नाही.

शेतकऱ्याचे नियोजन कुठे अडते?

आपले सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होते. खरीप हंगाम १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून. कोणत्या महिन्यात किती पाळ्या द्यायच्या, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. त्या भरवशावर शेतकरी लागणीचा निर्णय घेतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. एकदा लागण झाली की ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. बोटवाला मार्ग बंद असल्याची सूचना वाचून सहल पुढे ढकलू शकतो. उसाची लागण मागे घेता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये नदीची पातळी खालावली की उपसाबंदी लागू होते. ठरावीक दिवस उपसा, ठरावीक दिवस बंद. त्या वेळी गळका बंधारा असेल, तर उपशाच्या दिवशीही पंपाजवळ पाणी नसते. पाटकऱ्याकडे किंवा संस्थेच्या कार्यालयात विचारणा केली की पुढच्या फेराची तारीख मिळते. आठ दिवसांचा फेर पंधरा दिवसांवर गेला, तर हलक्या जमिनीतल्या उसाची वाढ खुंटते आणि त्याचा परिणाम गाळपाच्या वेळी वजनकाट्यावर दिसतो.

दुरुस्ती रखडते तरी का?

पहिले कारण तांत्रिक आहे. कालवा किंवा बंधारा दुरुस्त करायचा तर तिथले पाणी काढावे लागते. दोन पाळ्यांच्या मधले दिवस आणि पावसाळ्यापूर्वीचे थोडे आठवडे एवढीच मोकळीक मिळते. ब्रिटनमध्येही मोठी कामे मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे हौशी बोटींचा हंगाम नसताना केली जातात. आपली अडचण अशी की आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि उन्हाळी पाळ्या तेव्हाच सुरू होतात. निविदा, कार्यादेश आणि निधी यांत महिना-दीड महिना गेला तरी कोरडे दिवस हातचे जातात आणि काम एक वर्ष पुढे ढकलले जाते.

दुसरे कारण दोष दिसत नाही, हे आहे. मातीचा बांध आतून कमकुवत होतो. घुशी-खेकड्यांची बिळे, झाडांची मुळे किंवा जुन्या पाइपच्या कडेने पाण्याची बारीक धार वाट काढते आणि मातीचे कण सोबत नेते. पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी बांध बसतो. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पूल परिसरातील घरांत पाणी शिरले. तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर ठपका ठेवला गेला आणि त्यावर टीकाही झाली. बिळांमुळे बांध फुटू शकतो, हे खरे. पण बिळे एका रात्रीत पडत नाहीत. ती वेळेवर शोधून बुजवणे हेच देखभालीचे काम असते.

तिसरे कारण फुटण्यापूर्वीच्या कामाला किंमत नसते. पन्नास बरगे बदलल्याची बातमी होत नाही, बांध फुटल्याची होते.

उपाय काय?

ब्रिटनमधून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. तिथे ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही २०१२ मध्ये स्थापन झालेली संस्था सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळते. कोणता लॉक कधी बंद असेल, किती दिवस आणि कशासाठी, याची यादी ती हंगामापूर्वी जाहीर करते. काम लांबले तर सूचनेतली तारीख बदलते. कामे तिथेही रखडतातच. पण बोटवाल्याला निर्णय घेण्याइतकी माहिती आधी मिळते.

आपल्याकडेही हंगामाआधी प्रत्येक बंधाऱ्याची तीन वाक्यांची नोंद पुरेशी आहे : किती बरगे खराब आहेत, कधी बदलणार आणि तोवर पाणी किती उंचीपर्यंत अडेल. ती पाणीपुरवठा संस्थेच्या फलकावर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागण ठरण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली पाहिजे. डोह यंदा अर्धाच भरणार हे आधी कळले, तर शेतकरी दोन एकरांऐवजी एक एकर लागण करेल, उरलेल्यात हरभरा घेईल किंवा ठिबकचा विचार करेल. मे महिन्यात कळले, तर ऊस वाळताना पाहण्याखेरीज त्याच्या हातात काही उरत नाही.