नोंद नाही, म्हणून काही नाही?

चौसाळ्याहून बीडकडे निघा नाही तर धाराशिवकडे, बालाघाटाचे उघडे माळ सोबतीला असतात. खडकाळ जमीन, कुसळीचे गवत, मधूनच एखादा हिवर नाही तर बोर. अशा जमिनीला सरकारी नकाशात बहुधा 'पडीक' म्हणतात. गेली अनेक वर्षे या माळांवर वही घेऊन फिरताना एक प्रश्न मला सोडत नाही. इथे खरेच काही नाही, की इथे कुणी पाहिलेलेच नाही?

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. निसर्गसंवर्धनावरचे संशोधन कुठे होते, याची मोजदाद काही शास्त्रज्ञांनी केली आणि २०१६ साली 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात मांडली. सुमारे ४० टक्के अभ्यास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या तीनच देशांतले निघाले. आफ्रिकेच्या वाट्याला १० टक्के आले. म्हणजे जिथे जीवजाती जास्त आणि धोकाही जास्त, तिथे अभ्यास कमी.

महाराष्ट्रातही तेच. सह्याद्रीवर ग्रंथ आहेत, संस्था आहेत. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही नावे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे योग्यच झाले. पण पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतल्या माळरानांकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले. त्याचे कारण सरळ आहे. जिथे आधी अभ्यास झाला, तिथे संदर्भ मिळतात. संदर्भ असले की निधी मिळतो, विद्यार्थी येतात, नव्या नोंदी होतात. जिथे काहीच नाही, तिथे पहिला माणूस पाठवायला कुणी तयार नसते.

अशा एकांगी नोंदींनी काय होते, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीतून नीट कळते. या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. पुढे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याचे सांगितले. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला होता, हे पुढे पामेला रासमुसेन यांनी उघड केले. चुकीची जागा बाजूला सारून जुन्या खऱ्या जागांचा माग काढला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. शंभरहून अधिक वर्षे तो आपल्याच राज्यात होता. नंतर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त' गटातून तो 'संकटग्रस्त' गटात आला. त्याचा ठावठिकाणा अधिक नीट कळल्याचा हा परिणाम.

रानपिंगळ्याला शोधणारे मिळाले. माळरानाचे काय? एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ साली देशातल्या अशा उघड्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाचा किमान १० टक्के भूभाग त्यांनी व्यापला आहे, पण त्यातला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित आहे. लांडगा, चिंकारा, धाविक, तणमोर यांचे घर हेच. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य झाले. आज देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत.

'हे माळ म्हणजे तोडलेले जंगल, तिथे झाडे लावली पाहिजेत,' असे सर्रास सांगितले जाते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. ४४ रानवनस्पती ओळखता आल्या. त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश हिवर, तरटी यांसारख्या माळरानाच्या खुणा सांगणाऱ्या. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख असाच मोकळा होता.

याचा हिशेब आजच्या निर्णयांशी आहे. सौर आणि पवन प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागत नाही. वीज हवीच, माझा त्याला विरोध नाही. पण जागा निवडताना नोंदी चाळल्या आणि कागद कोरा निघाला, तर जमीनही कोरी समजली जाते. वनीकरणाचे खड्डेही अशाच जागी पडतात.

यावर उपाय आपल्या हातात आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही मागून पाहा. त्यात गायरान-माळाचे पान आहे का, ते बघा. नसेल तर मेंढपाळांना विचारून भरा. तारीख, जागा, किती वेळ पाहिले, हे लिहा. काही दिसले नाही तर तेही लिहा. तासभर शोधून न दिसणे आणि कुणी शोधलेच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भागातली बहुतेक पाने अजून दुसऱ्या प्रकारची आहेत.