सावलीचा कोसा

नाताळचा आठवडा लागला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. ताडोबाच्या सफारी कितीतरी आधी भरलेल्या असतात आणि मोहर्लीकडे मुक्कामाला खोली मिळत नाही. वाघ दिसला त्यांची सुट्टी सार्थकी लागते, नाही दिसला ते हळहळत परततात. या मंडळींना माझी एक विनंती आहे. त्या सुट्टीतला एक दिवस काढून मूलच्या रस्त्याला लागावं आणि तसंच पुढे सावलीपर्यंत जावं. वाघ राखणारं हे जंगल आणखीही एक जीव पोसतं. ऐनाच्या पानावर वाढणारी ती हिरवी अळी कोसा देते. कोशाचा धागा काढणारे आणि तो मागावर चढवणारे हात याच झाडीपट्टीतले आहेत, आणि हे काम बघायला डिसेंबरसारखा महिना नाही.

चंद्रपूर म्हणजे जुना चांदा, गोंड राजांची राजधानी. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या दरवाजांचा परकोट अजून उभा आहे. जटपुऱ्यातून बाहेर पडून मूलची वाट धरली की वाटेत चिचपल्ली लागतं. इथे बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. 2021 च्या फेब्रुवारीत त्याच्या बांबूच्या इमारतीला आग लागली, तेव्हा सारा जिल्हा हळहळला होता. बांबूचं काम इथल्या बुरडांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. सूप, टोपली, धान साठवायच्या ढोल्या, सगळं त्यांच्याच हातचं. हिरवा बांबू वेळेवर मिळणं ही त्यांची जुनी अडचण. जंगल दाराशी असूनही कच्च्या मालासाठी वाट बघावी लागते. चिचपल्लीला तासभर थांबावं आणि पुढे निघावं, कारण दिवस लहान असतो.

मूल ओलांडलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. डिसेंबरात कापणी उरकलेली असते, खळ्यावर मळणी चालू असते आणि हवेत तणसाचा वास असतो. गावोगावच्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागलेली असतात. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम होळीपर्यंत रात्र रात्र जागवतो. मुक्काम करणार असाल तर एखादं नाटक चुकवू नका. मूल ते गडचिरोली रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे, सावली हे तालुक्याचं गाव आहे.

सावलीचं नाव देशाच्या इतिहासात लागलं ते खादीमुळे. चांदा जिल्ह्यात सूतकताई आणि विणकाम जुनं. इथले महार आणि कोष्टी विणकर मागावर बसत आणि बाया घरोघर चरखा चालवत. गिरण्यांच्या कापडाने ते बुडत चाललं होतं. अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना 1925 साली पाटण्यात झाली. पुढे खादीचं काम देशभर पसरलं, आणि सावली हे त्यातलं एक केंद्र झालं. 1936 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं ते याच सावलीत. किशोरलाल मश्रूवाला संघाचे अध्यक्ष होते. त्या हिवाळ्यात गांधीजींची प्रकृती बिघडलेली होती, तरी ते आले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे राहिले. गांधीवाद नावाचं काही नाही, आपल्यामागे कुठलाही पंथ राहू नये, हे त्यांचं जगभर सांगितलं जाणारं म्हणणं या अधिवेशनातलं आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते सेगावला राहायला गेले. त्या सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. सेवाग्रामला शाळांच्या सहली जातात. सावलीला जात नाहीत, आणि मला हे फार खटकतं.

सावलीच्या त्या दिवसांमागे मजुरीचा एक मोठा प्रश्न उभा होता. आदल्या वर्षी, म्हणजे 1935 च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला होता, की सूत कातणारीला पोट भरेल आणि अंग झाकेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे. त्याआधी दिवसभर चरखा फिरवून तिच्या हाती आणा-दीड आणासुद्धा पडत नसे. खादी स्वस्त मिळावी म्हणून कातणारीने उपाशी राहायचं का, असा गांधीजींचा सरळ सवाल होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असं त्यांना वाटे. तिथपर्यंत मजल गेली नाही, पण मजुरी वाढली, आणि तिच्याबरोबर खादीचा भावही वाढला. गिऱ्हाईक कुरकुरलं. कार्यकर्त्यांपैकीही काहीजण घाबरले, की महाग खादी घेणार कोण. हातकामाच्या प्रत्येक दुकानात आजही हाच प्रश्न समोर येतो.

सावलीतलं नाग विदर्भ चरखा संघाचं काम त्याच परंपरेतलं. सुती खादीबरोबर या पट्ट्याची खरी ओळख आहे ती कोशाची. सावली, नागभीड आणि नदीपलीकडे आरमोरी असा हा कोशाचा मुलूख.

कोसा येतो जंगलातून. तुतीच्या रेशमाची अळी घरात, ट्रेमध्ये पाळतात. कोशाच्या अळीला उघडं झाड लागतं, ऐन किंवा अर्जुन. ऐनाला इकडे येन म्हणतात. हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाजाकडे आहे. तळ्यात मासे धरणारा हाच माणूस हंगामात जंगलात मुक्काम टाकतो. अंडी फुटली की बारीक अळ्या झाडावर सोडायच्या, आणि मग राखण सुरू. कावळे आणि इतर पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या, सगळ्यांना ही अळी हवी असते. गोफण हातात घेऊन दिवसभर झाडाखाली उभं राहावं लागतं. एका झाडाची पानं संपली की अळ्या फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या. चार वेळा कात टाकून अळी बोटाएवढी जाड आणि हिरवीगार होते, मग स्वतःभोवती कोश विणते आणि बळकट देठाने फांदीला टांगून घेते. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत तीन पिकं निघतात. थंडीत अळी सावकाश वाढते, म्हणून शेवटच्या पिकाला सर्वांत जास्त दिवस लागतात. ते पीक डिसेंबर-जानेवारीत हाती येतं. नाताळात तुम्ही येता तेव्हा कोश नुकते उतरलेले असतात, किंवा उतरायचे असतात. राखणीच्या काळात अळी पाळणारे काही नेमही पाळतात. जंगलात चपला घालायच्या नाहीत, मांसमच्छी खायची नाही. शहरी माणसाने त्यावर हसू नये. ज्याचं वर्षाचं उत्पन्न झाडावर उघडं टांगलेलं असतं, त्याला असा नेम धीर देतो.

गोळा केलेल्या कोशातला जीव वाफेने किंवा उन्हाने मारावा लागतो, नाहीतर पाखरू कोश भेदून बाहेर येतं आणि धागा तुटतो. त्यानंतरचं काम बायकांचं. कोश सोडा घातलेल्या पाण्यात शिजवतात. कोश फार घट्ट असतो, आणि ही शिजवणी नीट साधली तरच धागा सुटतो. मी ज्या आजींपाशी बसले होते, त्यांनी भांड्यातला एक कोश काढून बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "कच्चा रायला त धागा तुटते जी, जास्त शिजला त गुंतते." घड्याळ, मोजमाप काही नाही, बोटांनाच सगळं कळतं. मग चार-पाच कोशांची टोकं एकत्र पकडून त्या डाव्या हाताने ओढू लागल्या आणि उजव्या तळव्याने उघड्या मांडीवर धागा वळू लागल्या. एकेका कोशाचा तंतू केसाहून बारीक, दिसतो न दिसतो असा. चार-पाच एकत्र होऊन मांडीवरून घरंगळले की त्यांचं मातकट सोनेरी सूत बनतं. एखादा कोश संपला की हात न थांबवता दुसऱ्याचं टोक त्यात मिसळायचं. सांधा दिसता कामा नये. दिवसभर बसूनही सूत शंभर ग्रॅमच्या आतच निघतं. वर्षानुवर्षं घासून मांडीचं कातडं निबर होतं, आणि कंबर धरते ती वेगळीच.

यावर यंत्र निघालं आहे. केंद्रीय रेशीम मंडळाने मांडीवरची सूतकताई बंद व्हावी म्हणून 'बुनियाद' नावाचं छोटं यंत्र आणलं. बाई खुर्चीवर बसते, सूत अधिक निघतं आणि सारखं निघतं. हातकामाच्या काही प्रेमींना हे रुचत नाही. त्यांना मांडीवरचंच सूत हवं असतं, कारण त्याला खडबडीत पोत येतो. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. कापडाच्या पोतासाठी बाईने मांडी सोलून घ्यावी, हे कुठल्या सौंदर्यदृष्टीत बसतं? जिथे यंत्र पोचलं तिथे ते वापरलं जावं, आणि वाढलेल्या सुताचा पैसा तिच्याच हाती पडावा. विणकाम मागावर, हातानेच होत राहील.

मागाजवळ वेगळी दुनिया असते. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाखाली पावड्या, समोर ताणा. साधं कोशाचं कापड विणताना धोटा एका लयीत इकडून तिकडे जातो. पण या भागाचं खरं कसब बघायचं तर करवती किनारीच्या मागापाशी थांबावं. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूरच्या विणकरांची ही करवती साडी, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साडीचं अंग कोशाचं, त्याच्या निसर्गदत्त रंगातलं, आणि किनार रंगीत सुती धाग्याची. या दोन्हींचे आडवे धागे वेगवेगळे असतात. दोन्ही किनारींचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. अंगाचा धागा किनारीपाशी येतो तिथे किनारीच्या धाग्याशी त्याची गाठभेट घालून त्याला मागे वळवायचं. ही अडकवणी दर ओळीला थोडी पुढेमागे सरकवत नेली की किनारीवर करवतीचे दात उमटतात. "किनार वेगळी, आंग वेगळं. दोघायले एकमेकात अडकवाच लागते," विणकर काका म्हणाले आणि एका दाताची ओळ संपेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत. एक धागा चुकला तर दात वाकडा होतो आणि उसवावं लागतं. म्हणून दिवसभरात कापड फार पुढे सरकत नाही. अस्सल करवतीची साडी उलटून बघितली तर आत लोंबते धागे दिसत नाहीत. उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ असते. घेताना ही एक गोष्ट बघावी. दुसरी गोष्ट, कापडाच्या कडेचा एक धागा मागून घेऊन जाळून बघावा. खऱ्या रेशमाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते.

बाजारात नक्कल भरपूर आहे. यंत्रमागावर विणलेली, करवत नुसती छापलेली साडी निम्म्याहून कमी भावात मिळते. बऱ्याच ठिकाणी ताण्याला आयात केलेलं सूत वापरतात. मागांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली, आणि विणकरांची मुलं शहराची वाट धरतात. त्यांना दोष कोण देणार? मागावर बसून मिळणारी मजुरी इतर कामांच्या मजुरीपेक्षा कमी पडत असेल, तर कला म्हणून कोण बसून राहील? कला जगवण्याची भाषणं मी भरपूर ऐकली आहेत. माग चालतो तो मजुरीवर. 1935 सालचा तो वर्ध्याचा ठराव आजच्या कोणत्याही हस्तकला महोत्सवापेक्षा मला अधिक शहाणा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदा कातणारीच्या पोटाचा विचार केला होता आणि मग गिऱ्हाइकाच्या सोयीचा.

आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्हीच. सफारीच्या जिप्सीला आपण सांगतील ते पैसे देतो, तिथे कुणी घासाघीस करत नाही. कोशाच्या शालीपाशी आलो की मात्र "थोडं कमी करा ना" हे शब्द आपोआप तोंडात येतात. शालीमागे ढिवराने उन्हातान्हात केलेली राखण असते, आजींची बोटं असतात आणि विणकराचे दिवस असतात. त्या सगळ्यांच्या वाट्याला जाणारा पैसा आपण त्या एका वाक्याने कापतो.

यंदा नाताळात ताडोबाला येणार असाल तर एक दिवस सावलीसाठी राखून ठेवा. सकाळी लवकर निघा, म्हणजे वाटेत चिचपल्ली होईल, दुपारपर्यंत सावली गाठता येईल आणि उजेड असताना मागाजवळ बसता येईल. संध्याकाळी विणकर दमलेला असतो. फोटो काढण्याआधी विचारा. जमलं तर परतताना नागभीडवरून या. खरेदी विणकराकडून किंवा खादी भांडारातून करा, पावती घ्या, आणि सांगितलेला भाव द्या.