ग्वाल्हेरच्या शाळांतील परभाषा : एक मागोवा

ग्वाल्हेरमधील मुलाने हायस्कूलला घरच्या भाषेखेरीज कोणती भाषा घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. आधी फारसी, मग इंग्रजी, तिच्या जोडीला संस्कृत आणि अलीकडे फ्रेंच किंवा जर्मन. निवड विद्यार्थ्याची म्हणून सांगितली जाई. ठरवणारे मात्र दरबार, विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ असे. येथील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिकच अवघड होता. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि नोकरीसाठी तिसरीच भाषा अशी त्यांची स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

ग्वाल्हेरचे सत्ताधीश महादजी शिंदे यांचा उत्तरेतील कारभार दोन भाषांत चाले. पुण्याला जाणारी पत्रे मराठीत, मोडी लिपीत लिहिली जात. दिल्लीच्या बादशहाशी आणि उत्तरेतील नवाबांशी व्यवहार फारसीत होई. १७८४ मध्ये शाह आलमकडून ‘वकील-इ-मुतलक’ (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद मिळाल्यावर तर फारसी जाणणाऱ्या माणसांवाचून दरबाराचे पानही हलेना. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस हा मराठी राज्यातील मानाचा हुद्दा होता आणि त्या घरांतील मुले लहानपणापासून फारसी गिरवत. त्या काळातील फारसी बातमीपत्रांचे जदुनाथ सरकार यांनी केलेले इंग्रजी भाषांतर पुढे प्रसिद्ध झाले. महादजींसंबंधीचे कागद गो. स. सरदेसाई यांनी संपादित केले आणि ते ग्वाल्हेरच्या आलीजाह दरबार प्रेसमधून १९३७ मध्ये छापून निघाले. फारसी आणि मराठी ही दोन्ही दप्तरे समोर ठेवल्याशिवाय महादजींचा काळ नीट कळत नाही, इतके त्या भाषाज्ञानाचे मोल आहे.

फ्रेंचही या दरबाराला अनोळखी नव्हती. द बॉयन हा युरोपीय लष्करी अधिकारी १७८४ मध्ये महादजींच्या नोकरीत आला आणि त्याने कवायती फौज उभी केली; त्याच्यामागून पेराँ आला. पण ती भाषा छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांपुरतीच राहिली. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने फ्रेंचांना नोकरीत ठेवण्याची शिंद्यांना बंदी झाली आणि फौजेबरोबर फ्रेंचही गेली. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. तोवर इंग्रजीचे दिवस सुरू झाले होते.

कंपनी सरकारने १८३७ मध्ये आपल्या मुलखातील कचेऱ्यांतून फारसी काढली. ग्वाल्हेर संस्थानाला तो कायदा लागू नव्हता, पण दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीशी, म्हणजे रेसिडेंटशी, होणारा व्यवहार इंग्रजीकडे झुकला की कारकुनी करणाऱ्या घरांना वारा कुठून वाहतो ते लगेच कळे. देवरुखकडून आलेल्या घराण्यातील दिनकरराव राजवाडे पंधराव्या वर्षी संस्थानच्या नोकरीत शिरले, पुढे दिवाण झाले आणि १८६२ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदे मंडळावर नेमले गेले. असे पद समोर दिसू लागल्यावर मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी कोणाला समजावावे लागले नाही.

शाळा-कॉलेजेही त्याच वाटेने वाढली. लष्करमधील व्हिक्टोरिया कॉलेज, म्हणजे आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय, हे या भागातील उच्च शिक्षणाचे मुख्य ठिकाण झाले. माधवराव शिंदे यांनी १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. ती १९०८ मध्ये किल्ल्यावर गेली आणि आज सिंधिया स्कूल म्हणून ओळखली जाते. परीक्षा मात्र बाहेरून होत. आधी अलाहाबाद आणि १९२७ पासून आग्रा, अशी विद्यापीठे ग्वाल्हेरचा अभ्यासक्रम ठरवत. हायस्कूलसाठी १९२१ मध्ये संयुक्त प्रांताचे मंडळ आले. १९२९ मध्ये अजमेरला राजपुतान्याचे मंडळ स्थापन झाले आणि मध्य भारत व ग्वाल्हेर त्याच्या कक्षेत आले. याच मंडळाचे १९५२ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, झाले. आज देशभर पसरलेल्या या मंडळाच्या मुळाशी ग्वाल्हेरही आहे, हे शहरातही फार थोड्यांना ठाऊक असते.

या परीक्षांत इंग्रजीला पर्याय नव्हता. खरी निवड होई ती जोडीच्या अभिजात भाषेची : संस्कृत की फारसी. मराठी घरांचा कल हळूहळू संस्कृतकडे गेला आणि पारसनिशीची परंपरा आडनावापुरती उरली. अटलबिहारी वाजपेयी गोरखीच्या शाळेतून व्हिक्टोरिया कॉलेजात गेले आणि हिंदी, इंग्रजी व संस्कृत हे विषय घेऊन पदवीधर झाले. त्या पिढीच्या ग्वाल्हेरची भाषिक घडण या तीन विषयांत जशीच्या तशी दिसते. परराष्ट्रमंत्री या नात्याने १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी भाषण केले ते हिंदीत.

शाळेतील भाषेचा परिणाम लेखनावर कसा होतो, हेही या संस्थानातच पाहावे. टेनिसन आणि ब्राउनिंग मनापासून वाचलेले भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि अखेरपर्यंत मराठीतच लिहीत राहिले. १९४१ मध्ये त्यांचे ग्वाल्हेरला निधन झाले. पुढच्या पिढीत वाटा फुटल्या. संस्थानातील श्योपूरला १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतील थोर कवी ठरले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहून १९७९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळवते झाले. ग्वाल्हेरला जन्मलेल्या प्रभाकर माचवे यांनी दोन्ही भाषांत लिहिले. मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला दोनदा भरले : १९२८ मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या आणि १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्षा होत्या आणि व्यवसायाने इंग्रजीच्या प्राध्यापक. परभाषा मन लावून शिकल्याने मायबोलीची हानी होत नाही, याची ही सगळी उदाहरणे आहेत. हानी होते ती मायबोलीला वेळापत्रकात जागाच न ठेवल्याने, आणि पुढच्या काळात तेच घडले.

१९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाल्यावर हिंदी ही शाळेची स्वाभाविक भाषा ठरली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातील त्रिभाषा सूत्राने हिंदीभाषक राज्यांना हिंदी, इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडील, शिकवायला सांगितले. प्रत्यक्षात तिसऱ्या जागी सर्रास संस्कृत आली. शिक्षक सहज मिळत, देवनागरी लिपी ओळखीची आणि पाठांतरावर भरघोस गुण. ‘संस्कृत घे, स्कोरिंग आहे’ हा सल्ला घरोघरी दिला गेला. राज्याच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या भाषा-विषयांत मराठी होती आणि आहे. तरी मराठी घरांतील बहुतेक मुलांनीही संस्कृतच घेतली. मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशी पिढी तयार झाली ती या निर्णयातून. ग्वाल्हेरच्या मराठी समाजाने गमावलेली ही सर्वांत मोठी गोष्ट होय.

परदेशी भाषा शाळेत नव्याने आल्या त्या सीबीएसईच्या मार्गाने. सप्टेंबर २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेने ग्योटे इन्स्टिट्यूटशी करार केला आणि सहावी ते आठवीत जर्मन तिसरी भाषा म्हणून घेता येऊ लागली. देशभरात सत्तर हजारांवर मुले ती शिकत असताना, ऑक्टोबर २०१४ मध्ये, वर्षाच्या मध्यावर तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षी संस्कृतची परीक्षा घेणार नाही, असे सरकारने सांगितले. त्रिभाषा सूत्राच्या दृष्टीने निर्णयाला आधार होता, पण अर्धे वर्ष शिकलेली भाषा मुलांच्या हातून काढून घेणे अन्यायाचेच होते.

आज सीबीएसईच्या विषययादीत फ्रेंचचा क्रमांक ०१८, जर्मनचा ०२०, जपानीचा ०९४ आणि संस्कृतचा १२२ आहे. त्याच यादीत ००९ या क्रमांकावर मराठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन ही नावे सुचवली. २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने मात्र नववी-दहावीच्या तीन भाषांपैकी किमान दोन मूळ भारतीय असाव्यात असे म्हटले आहे. हिंदी आणि इंग्रजी धरल्यावर ग्वाल्हेरच्या मुलाची तिसरी भाषा यामुळे भारतीयच राहते. फ्रेंच किंवा जर्मन घ्यायची तर ती इंग्रजीच्या जागी किंवा जादा विषय म्हणून.

म्हणजे मराठी घरांना गमावलेली जागा परत मागण्याची ही संधी आहे. यादीत विषय असला म्हणून शाळेत शिक्षक असतोच असे नाही, आणि मागणी नसली की शाळा शिक्षक नेमत नाही. परदेशी भाषा कॉलेजात किंवा खासगी वर्गात पुढेही शिकता येते. तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी पालकांनी नववीचा विषय-अर्ज भरण्याआधी एकत्र येऊन शाळेकडे मराठीची लेखी मागणी करावी.