चार खेळ्यांत मात

गळिताची धांदल असली तरी हदगावी शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा पाहण्याचा योग आम्हास आला. आपल्याच एका सभासदाचा नातू त्यात खेळत होता. उसाची गाडी काट्यावर सोडून आजोबाही येऊन बसले. पोराला खेळ त्यांनीच शिकविला, तोही ओट्यावर, देशी पद्धतीने. देशी डावात प्यादे एकच घर चालते. स्पर्धेत नियम आंतरराष्ट्रीय. पहिल्या चालीला प्यादे दोन घरे जाऊ शकते.

पहिला डाव चार खेळ्यांत आटोपला! पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारले, पोरानेही तेच केले. पांढऱ्याने उंट काढला, पोराने वजिराकडचा घोडा. मग पांढऱ्याचा वजीर थेट पटाच्या काठाला आला. आयता सापडला म्हणून पोराने त्याच्यावर दुसरा घोडा घातला. वजिराने काळ्या राजाकडच्या उंटापुढचे प्यादे मारले. त्या प्याद्याला राखण एकट्या राजाची, आणि वजिराच्या पाठीशी उंट. मात!

पोर रडकुंडीला आले. आजोबा म्हणाले, "रडतूस काहून? घोड्याआधी त्याच्या पुढचं प्यादं एक घर सारायचं व्हतं."

हा सल्ला अडाणी नव्हे, बरे का. १८५० च्या सुमारास बंगालचे महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी देशी सवयीनेच खेळत. प्यादे एक घर सारायचे, त्यामागे उंट बसवायचा. अशा सुरुवातींना आज जगभर 'इंडियन डिफेन्स' म्हणतात.

मुलींच्या पटांवरही गर्दी होती. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२४ साली गांधीनगरला २० वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद ११ पैकी १० गुणांनी जिंकले, २०२५ साली बटुमीला महिला विश्वचषकही. तेव्हा पोरींना हुरूप येणारच.

तिसऱ्या फेरीत पोरासमोर पुन्हा तोच वजीर काठाला आला. या वेळी प्यादे एक घर सरकले. वजीर मागे हटला, पण नजर पुन्हा त्याच जागी. तेव्हा पोराने घोडा आडवा घातला आणि हल्ला थंडावला. आजोबांनी मांडीवर थाप मारली. पुढे मात्र पोराची वेळ संपली आणि जमलेला डाव घड्याळावर गेला. ओट्यावर कुठले आले घड्याळ!

उसाचा पहिला हप्ता जमा झाला की डावाचे घड्याळ घेऊ, असे आजोबांनी कबूल केले आहे. हप्त्याची तारीख त्यांनी आम्हास दोनदा विचारली.